पाठीवरची शस्त्रक्रिया, छातीतले संकट : मिटलेल्या फुफ्फुसाचा इतिहास

१/
मणक्याच्या बहुतेक शस्त्रक्रियांत रुग्णाला पालथे झोपवतात. चेहरा मऊ आधारावर, छाती खाली, अंगावर निर्जंतुक कापडे. शल्यविशारदापुढे उरते ती फक्त पाठ. अशा अवस्थेत रुग्णाचे एक फुफ्फुस अचानक मिटले, तर काय होते, ते कसे ओळखतात आणि कसे सावरतात? या प्रश्नांच्या उत्तरामागे सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात थेऊर आहे, पाचगणी आहे, निजामाचे हैदराबाद आहे, मुंबई आहे. आजचा धागा त्या इतिहासाविषयी. 🧵

२/
आधी थोडे शरीरशास्त्र. फुफ्फुसाचा मूळ स्वभाव आकसण्याचा आणि छातीच्या पिंजऱ्याचा बाहेर ताणण्याचा. दोहोंमध्ये फुफ्फुसावरणाचे दोन पातळ पदर असतात. त्या पदरांमधील पोकळीत दाब वातावरणापेक्षा किंचित कमी असतो, म्हणून फुफ्फुस पिंजऱ्याला धरून फुगलेले राहते. या पोकळीत हवा शिरली की तो धरबंध सुटतो आणि फुफ्फुस मिटते. फ्रेंच वैद्य इतार यांनी १८०३ मध्ये या स्थितीला ‘न्यूमोथोरॅक्स’ हे नाव दिले. स्टेथोस्कोपचे जनक लाएनेक यांनी १८१९ च्या आपल्या ग्रंथात तिची लक्षणे तपशिलाने नोंदवली.

३/
या कथेची सुरुवात मात्र क्षयापासून करावी लागते. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला राजयक्ष्म्याने गेले. तेव्हा ते तिशीतही नव्हते. त्यानंतर सातच वर्षांनी, १७७९ मध्ये, लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी पाठीला कुबड आणि पायांना लुळेपणा आणणाऱ्या मणक्याच्या विकाराचे प्रसिद्ध वर्णन केले. तो विकारही क्षयाचाच, हे पुढे कळले. इजिप्तमधील ममींच्या मणक्यांवरही त्याच्या खुणा सापडल्या आहेत. छातीतला क्षय आणि मणक्यातला क्षय ही एकाच रोगाची दोन घरे होती. दोन्ही घरांवर इलाज शोधता शोधता वैद्यक शेवटी फुफ्फुसावरणाच्या त्या पोकळीपाशी येऊन पोहोचले.

४/
१८८२ हे वर्ष लक्षात ठेवावे. २४ मार्चला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी इटलीत कार्लो फोर्लानिनी यांनी एक धाडसी कल्पना मांडली : रोगट फुफ्फुस मुद्दाम मिटवावे. हाड मोडल्यावर हात जसा झोळीत बांधून स्वस्थ ठेवतात, तसे फुफ्फुसाला विश्रांती दिली तर त्यातली जखम भरेल. १८८८ मध्ये त्यांनी छातीच्या पोकळीत सुईने वायू भरून हा उपचार प्रत्यक्षात केला. त्याच्या आदल्या वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या होत्या. अमेरिकेतून वैद्यकीची पदवी आणलेल्या त्या विदुषीसाठीही वैद्यकाच्या हाती काही नव्हते.

५/
पुढची पाच-सहा दशके ‘छातीत हवा भरणे’ हा क्षयाचा सर्वमान्य उपचार होता. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पाचगणीला डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर हे आरोग्यधाम उभारले. मिरजेजवळ वानलेसवाडी, मुंबईत शिवडी अशी क्षयोपचाराची ठिकाणे घडत गेली. भरलेला वायू हळूहळू शोषला जाई. म्हणून ठरावीक काळाने रुग्णाला पुन्हा सुईखाली यावे लागे. एक गोष्ट या काळाने निर्विवाद दाखवून दिली. एक फुफ्फुस मिटलेले असताना माणूस जगू शकतो, हिंडूफिरू शकतो, मात्र हवा मोजून, बेताने भरलेली असावी लागते. जीव जातो तो त्या पोकळीत दाब चढू लागला म्हणजे.

६/
याच सुमारास भुलेच्या शास्त्रात एक मोठा वाद पेटला होता, आणि त्याचे केंद्र होते हैदराबाद. मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता, तेथील शल्यविशारद एडवर्ड लॉरी यांचे ठाम मत असे : क्लोरोफॉर्म देताना नाडीची चिंता नको, केवळ श्वासावर नजर ठेवा, श्वास आधी थांबतो, हृदय नंतर. १८८८ आणि १८८९ मध्ये या प्रश्नावर दोन आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने लॉडर ब्रंटन यांना लंडनहून पाठवले आणि शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. हैदराबादेतच शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी या कामात सहभागी होत्या. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

७/
आयोगाने लॉरी यांच्या बाजूने कौल दिला. पण १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी सिद्ध केले, की क्लोरोफॉर्मच्या सौम्य अंमलाखालीही हृदयाची लय अकस्मात बिघडून मृत्यू येऊ शकतो. म्हणजे हैदराबादचा निष्कर्ष अर्धाच खरा होता. तरीही त्या वादाने भूल देणाऱ्याचे काम कायमचे ठरवून टाकले. औषध देऊन तो मोकळा होत नाही. शस्त्रक्रिया संपेपर्यंत श्वास आणि नाडी या दोहोंवर पहारा देणे हाच त्याचा खरा व्यवसाय. पालथ्या रुग्णाच्या बाबतीत तर हा पहारा हीच एकमेव खिडकी असते.

८/
छातीतली नको असलेली हवा किंवा पू बाहेर काढायचा कसा? हॅम्बुर्गचे गॉटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेली युक्ती आजही जशीच्या तशी वापरात आहे. छातीत एक नळी घालायची आणि तिचे दुसरे टोक जमिनीजवळ ठेवलेल्या बाटलीतील पाण्यात बुडवायचे. रुग्णाने श्वास सोडला की आतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते; श्वास घेतला की पाणी आडवे येते आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. झडप नाही, यंत्र नाही, वीज नाही. टोक पाण्याखाली दोनेक सेंटिमीटर असले आणि बाटली छातीपेक्षा खाली राहिली, की काम भागते.

९/
या बाटलीचे मोल १९१८ च्या साथीत कळले. जूनमध्ये मुंबईत उतरलेल्या इन्फ्लुएन्झाने पुढील महिन्यांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. त्याच काळात अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत न्यूमोनियानंतर छातीत पू झालेल्या सैनिकांची छाती उघडून निचरा करण्याचा प्रघात होता, आणि त्यांतील सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत. एव्हार्ट्स ग्रॅहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधले : छाती घाईने उघडल्यामुळे हवा आत शिरे आणि आधीच थकलेली फुफ्फुसे मिटत. बाहेरची हवा आत येऊ न देता निचरा सुरू केल्यावर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले.

१०/
आता मणक्याकडे वळू. क्षयाने मणका पोखरतो तो पुढच्या बाजूने, म्हणजे छातीच्या पोकळीला लागून. फ्रान्सचे व्हिक्टर मेनार यांनी १८९४ मध्ये पाठीमागून बरगडीचा तुकडा काढून तेथील पू वाहता केला. काही रुग्णांचे लुळे पाय हलू लागले; पण जखमा चिघळत, म्हणून ती वाट लवकरच सोडावी लागली. १९११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हिब्स आणि आल्बी यांनी स्वतंत्रपणे मणके मागच्या बाजूने सांधण्याची रीत आणली. रोग पुढे आणि उपचार मागे, अशी ती अडचण होती. पुढून जायचे म्हणजे छाती उघडायची, आणि छाती उघडली की फुफ्फुस मिटायचे.

११/
ही कोंडी फोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न १९०४ मध्ये ब्रेस्लाऊ येथे फर्डिनांड झाउअरब्रुख यांनी केला. त्यांनी एक कोठीच बांधली. रुग्णाचे धड आणि शल्यविशारद कोठीच्या आत, रुग्णाचे डोके बाहेर, आणि कोठीतला हवेचा दाब कमी केलेला. छाती उघडली तरी फुफ्फुस मिटेना. कल्पना थक्क करणारी, पण अवजड. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेल्टझर आणि आऊअर यांनी उलट विचार केला : बाहेरचा दाब घटवण्यापेक्षा श्वासनलिकेत नळी घालून आतून हवा रेटावी. पुढच्याच वर्षी ही रीत माणसांवर वापरली गेली. कोठी इतिहासजमा झाली, नळी राहिली.

१२/
हवा रेटण्याची ही रीत सार्वत्रिक झाली ती पोलिओमुळे. ऑगस्ट १९५२ मध्ये कोपनहेगनच्या साथीत श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी हाताने पिशवी दाबत श्वास चालू ठेवला. सुमारे १५०० वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. आजच्या व्हेंटिलेटरचे आणि अतिदक्षता विभागाचे मूळ तिथे आहे.

१३/
पोलिओने आणखी एक देणे दिले : वाकडे झालेले कणे. मुंबईत फातिमा इस्माइल यांनी आपल्या लेकीच्या पोलिओशी झुंजताना १९४७ मध्ये अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजी अलीचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय त्याच प्रयत्नांतून पुढे उभे राहिले. तिकडे ह्यूस्टनमध्ये पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने वाकलेल्या कण्यासाठी पोलादी सळ्या बनवल्या आणि १९६२ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. दरम्यान स्ट्रेप्टोमायसिन हाती आल्याने क्षयाच्या जखमा चिघळण्याची भीती ओसरली. १९५६ मध्ये हाँगकाँगचे आर्थर हॉजसन व फ्रान्सिस स्टॉक यांनी पुढून, छाती उघडून, मणक्याचा क्षय मुळापासून काढल्याचे प्रसिद्ध केले.

१४/
अशा रीतीने क्षय आणि पोलिओ या दोन रोगांनी मिळून आधुनिक मणका-शल्यक्रिया घडवली. छातीत हवा भरण्याचा फोर्लानिनींचा उपचार औषधांपुढे मागे पडला. मिटलेले फुफ्फुस आता उपचार राहिले नाही. ते अपघात ठरले. आणि येथेच इतिहासाने एक विचित्र वळण घेतले. ज्या रेटलेल्या हवेमुळे छाती निर्धास्त उघडता येऊ लागली, तीच हवा छाती बंद असताना घातक ठरू शकते.

१५/
कसे, ते पाहा. समजा, बंद छातीत फुफ्फुसाला बारीकसे छिद्र पडले. व्हेंटिलेटरचा प्रत्येक श्वास दाबाने आत जातो आणि त्यातली थोडी हवा छिद्रातून पोकळीत उतरते. तिला परतीची वाट नसते. मिनिटाला दहा-बारा श्वास, आणि प्रत्येक श्वासागणिक दाब वाढत जातो. आधी ते फुफ्फुस मिटते. मग हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या दुसऱ्या बाजूला ढकलल्या जातात. हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि रक्तदाब कोसळतो. हाच टेन्शन न्यूमोथोरॅक्स. त्यात नायट्रस ऑक्साइड चालू असेल, तर संकट दुणावते. एगर आणि सैदमन यांनी १९६५ मध्ये प्रयोगांती दाखवले, की या वायूमुळे छातीत अडकलेल्या हवेचे आकारमान दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होऊ शकते.

१६/
छिद्र पडते कुठून? फ्रान्सच्या रॉय-कामीय यांनी १९६० च्या दशकापासून मणक्याच्या देठात स्क्रू बसवण्याची रीत रूढ केली. पाठीच्या वरच्या भागात हे देठ अरुंद असतात आणि फुफ्फुसावरण अगदी शेजारी. टोक जरा बाहेरच्या बाजूला सरकले की ते गाठले जाते. बरगडीचा तुकडा काढतानाही तोच धोका. कधी भूल देताना गळपट्टीच्या हाडाखालील शिरेत घातलेली नळी कारण ठरते. ऑबानियाक यांनी १९५२ मध्ये वर्णिलेली ही वाट फुफ्फुसाच्या शेंड्याजवळून जाते. कधी फुफ्फुसावर आधीपासून असलेला पातळ फुगा रेटलेल्या हवेने फुटतो.

१७/
पालथेपणामुळे निदान अवघड होते. छातीचे हलणे दिसत नाही. गळ्याच्या शिरा दिसत नाहीत. पुढून स्टेथोस्कोप लावता येत नाही. टोरांटोच्या रेल्टन आणि हॉल यांनी १९६७ मध्ये पोट मोकळे राहील अशी चौकट आणल्यापासून रक्तस्राव पुष्कळ घटला, पण रुग्ण त्या चौकटीवरून चटकन उलटवता येत नाही. भूलतज्ज्ञाला दिसतात ते आकडे : श्वास रेटायला लागणारा दाब चढतो, ऑक्सिजनचे सॅच्युरेशन उतरते, रक्तदाब घसरतो, बाहेर येणारा कार्बन डायऑक्साइड कमी होतो. हीच चिन्हे नळी एका बाजूला सरकल्याने, मुरगळल्याने किंवा कफाने तुंबल्यानेही दिसू शकतात.

१८/
म्हणून पहिली कृती बोलण्याची. भूलतज्ज्ञ मोठ्याने सांगतो. शल्यविशारद हात थांबवतो आणि आपण नुकते काय केले ते सांगतो. ‘आताच डावीकडचा स्क्रू बसवला’ हे एक वाक्य निदानाची निम्मी वाट कापते. नायट्रस बंद, शंभर टक्के ऑक्सिजन चालू, व्हेंटिलेटर सोडून पिशवी हाती. नळी तपासतात, कफ ओढून काढतात, दोन्ही बाजूंचा आवाज बगलेतून व पाठीवरून ऐकतात. मणक्यासाठी खोलीत असलेला सी-आर्म छातीवर फिरवता येतो. सोनोग्राफीत फुफ्फुसाच्या पदराचे सरकणे दिसेनासे झाले असेल, तर संशय बळावतो. पण रक्तदाब कोसळत असेल, तर चित्राची वाट पाहत नाहीत.

१९/
मग हवेला वाट करून देतात. पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेली जागा होती पुढून, गळपट्टीच्या हाडाच्या मध्याखाली, दुसऱ्या व तिसऱ्या बरगडीच्या मधली. पालथ्या रुग्णात ती छातीखाली दडलेली. बगलेखालची, चौथ्या-पाचव्या बरगडीलगतची जागा मात्र हाताशी असते. अपघातोपचाराच्या एटीएलएस या जागतिक पाठ्यक्रमानेही २०१८ च्या आवृत्तीत प्रौढांसाठी हीच जागा सांगितली. छातीच्या पुढच्या जाड भिंतीतून सुई पुष्कळदा आत पोचत नाही, हे त्यामागचे कारण. छातीचा मणका उघडाच असेल, तर शल्यविशारद जखमेतूनही फुफ्फुसावरण मोकळे करू शकतो.

२०/
दाब सुटला की रक्तदाब बहुधा लगेच सावरू लागतो. सुई ही तात्पुरती सोय. पाठोपाठ नळी आणि पाण्याची बाटली लागतेच, म्हणजे पुन्हा ब्यूलाऊ. जखम निर्जंतुक कापडाने झाकून रुग्णाला उताणे करायचे का, हा कठीण निर्णय असतो. मणका अर्धवट मोकळा असेल, तर उलटवताना मज्जारज्जूला इजा होऊ शकते; हृदय थांबू लागले, तर थांबण्यास वेळ नसतो. म्हणून मोठ्या शस्त्रक्रियांत रुग्णाची मोकळी ट्रॉली दाराबाहेर तयार ठेवण्याची शिस्त अनेक ठिकाणी पाळतात.

२१/
ब्यूलाऊंच्या बाटलीची सर्वांत गाजलेली परीक्षा आकाशात झाली. मे १९९५ मध्ये हाँगकाँगहून लंडनला निघालेल्या विमानात, विमानतळावर येताना अपघात झालेल्या एका प्रवासी स्त्रीची छाती दुखू लागली, श्वास अडू लागला. सहप्रवासी अँगस वॉलेस हे नॉटिंगहॅमचे अस्थिशल्यविशारद. डॉ. टॉम वाँग यांच्या मदतीने त्यांनी लघवीची नळी कोट टांगण्याच्या तारेच्या आधाराने छातीत घातली. निर्जंतुक करण्यास ब्रँडी आणि पाण्याखालच्या टोकासाठी पिण्याच्या पाण्याची बाटली. ती स्त्री वाचली. अवजारे जुगाडाची होती, तत्त्व १८९१ चे.

२२/
आता आपल्याकडे. वसई-विरार महानगरपालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी आजार अवघड झाला, की ‘मुंबईला न्या’ हे वाक्य येथे घरोघरी परिचयाचे आहे. मध्ये वसईची खाडी आहे. नायगाव-भाईंदरचा रेल्वेपूल असो वा घोडबंदरचा महामार्गावरील पूल, खाडी ओलांडायला वेळ लागतो. पुष्कळ आजार तेवढा वेळ देतात. छातीत चढत जाणारा दाब देत नाही. त्याचा निकाल त्याच खोलीत, त्याच काही मिनिटांत लागतो.

२३/
या इतिहासाचा आपल्यासारख्या शहरांसाठी अर्थ असा : या संकटातून तारणारी साधने दुर्मिळ किंवा महागडी नाहीत. सुई, नळी, पाण्याची बाटली, दाराबाहेरची ट्रॉली. त्यांहून मोलाचे आहे ते आधी ठरवून ठेवणे : कोण ओरडून सांगेल, कोण थांबेल, नळी कोणत्या कपाटात आहे. एखाद्या नातेवाइकाची मणक्याची शस्त्रक्रिया ठरली, तर शल्यविशारदाला प्रश्न विचारतो तसे भूलतज्ज्ञालाही भेटावे. जुना दमा, क्षय, छातीवरचा मार, धूम्रपान यांपैकी काहीही लपवू नये. पडद्यापलीकडे श्वासावर पहारा देणाऱ्याला ही माहिती त्या काही मिनिटांत फार उपयोगी पडते.

(समाप्त)